छतातला भूकंप

मार्च लागला की म्हैसूरला आमच्या सरस्वतीपुरमच्या रस्त्यांवरची ती झाडं पानं टाकून देतात आणि नुसत्या गुलाबी फुलांनी भरून जातात. लोक स्कूटर थांबवून खाली उभे राहतात, फोटो काढतात. त्यांना हसताना पाहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्यांचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण ती फुलं आली म्हणजे परीक्षा आल्या, आणि परीक्षा आल्या म्हणजे ती एक दुपार आली, आणि रवी आठवला. रवी माझा धाकटा भाऊ. त्या दुपारपासून तो माझ्याशी सरळ बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी बहीणभाऊ गळ्यात गळे घालतील अशी आशा धरून कुणी वाचायला नको.

मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, भूगोल शिकवते. दर वर्षी ह्याच दिवसांत, पंखा गरगरत असताना आणि खिडकीतून तापलेल्या डांबराचा वास येत असताना, मी फळ्यावर पृथ्वी अर्धी कापून दाखवते. कवच, प्रावरण, गाभा. मग भूकंप. खडक वर्षानुवर्षं एकमेकांवर रेटत असतात, अडून बसतात, हटत नाहीत. आणि एके दिवशी सटकतात. मुली वहीत उतरवून घेतात आणि मागच्या बाकावरची एखादी विचारते, मॅडम, म्हैसूरला भूकंप येईल? मी सांगते, आपल्या पायाखाली फार जुना, फार घट्ट खडक आहे. आला तरी दूरचा, हलकासा येईल. तू अभ्यास कर.

घर अप्पांनी बांधलेलं. अप्पा म्हणजे आमचे वडील, रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. खाली मी, वर रवी. मी लग्न केलं नाही. रवीने केलं, शोभाशी. ती दिवसभर ऑफिसात असते, ह्या भांडणात ती कुठेच नाही, म्हणून तिचं आणि माझं चांगलं आहे. जिना घरातूनच आहे, पुढच्या पडवीत उतरतो, आणि त्याच्यासमोरच्या भिंतीपाशी जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आहे. मागच्या खोल्यांतून बाहेर पडायचं तर तिथूनच.

आई गेल्यावर अप्पा कुणाकडे जेवणार असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी स्वतःच नियम घातला. शुक्ल पक्ष रवीकडे, कृष्ण पक्ष माझ्याकडे. अमावास्या झाली की प्रतिपदेला सकाळी आंघोळ करून, पंचाची घडी काखेत मारून ते जिना चढायचे. पौर्णिमा झाली की उतरायचे. भिंतीवरचं पंचांग हेच आमचं टाइमटेबल. शेजारणी हसायच्या, की सुमा टीचरच्या वाट्याला अंधारच आला. मी म्हणायचे, अंधारात निदान झोप लागते. हसत म्हणायचे, पण लागायचं.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, असं अप्पा सांगतात. घोडे गेले, तलवारी गेल्या, तोंडं तेवढी राहिली. आमच्या घरात भांडण कन्नडात करायची रीत आहे. कुणी ठरवून केलेली नाही. एवढ्या पिढ्यांत आमच्या मराठीतले शिव्याशाप झिजून गेले. उरली ती जेवणाची, देवाची, आणि तापलेल्या कपाळावर हात ठेवून विचारण्याची मराठी. 'बरं वाटतंय का रे' मराठीत, आणि 'तुला लाज आहे का' कन्नडात. पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या एका बाईंनी आमचं एक भांडण ऐकलं आणि विचारलं, तुमच्याकडे भाडेकरू आहेत का हो वर?

आता त्या खेळाचं. रवी घरातूनच कंपनीचं काम करतो, आणि काम संपलं की भिंतीएवढ्या टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळतो. बाप्या माणूस, कानाजवळ केस पिकलेत. त्याच्याजवळ एक ठोकळ्यासारखा स्पीकर आहे, तो जमिनीवर ठेवायचा असतो म्हणे, म्हणजे आवाज अंगात जातो. त्याची जमीन म्हणजे माझं छत. खेळात दोन्हीकडून प्राणी उभे राहतात आणि पाळीपाळीने हल्ले करतात. कुणी आग फेकतो, कुणी पाणी. आणि रवीचा तो बोजड, जाड कातडीचा लाडका प्राणी पाय आपटतो आणि भूकंप करतो. भूकंप. पाय आपटून. मी खाली उत्तरपत्रिका तपासत असायचे आणि वरून धडाम व्हायचं, स्टीलचे पेले शेल्फवर थरथरायचे, दिव्याभोवतीची पाल पळून जायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा वर जाऊन मी त्याला ऐकवलंच. भूकंप कुणी कुणावर सोडत नाही, म्हटलं. तो होतो. रवी पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "अक्का, इथे सोडता येतो. आणि ऐक, जमिनीत बीळ करून लपलेला असेल त्याला दुप्पट लागतो." मी म्हटलं, हे तर साफ उलटं आहे, खोल गेलं तर हादरा कमी जाणवतो, नुकसान होतं ते वर, पृष्ठभागावर. "आणि उडणाऱ्याला लागतच नाही," तो म्हणाला. हे एवढं बरोबर होतं. पण बरोबर आहे असं मी त्याला म्हणाले नाही.

तो शुक्ल पक्ष होता, म्हणून अप्पाही तिथेच बसले होते, मांडीवर चिवड्याची वाटी. त्यांना तो खेळ आवडायचा. मला हे कळायचंच नाही, आणि खरं सांगायचं तर खुपायचं. पडद्यावर रवीच्या बाजूला दोन प्राणी होते. जाड्याने पाय आपटला, समोरचे दोघे कोसळले, आणि शेजारी उभा असलेला रवीचाच एक छोटा प्राणीही आडवा झाला.

"अरे, तो तर आपला ना?" अप्पा म्हणाले.

"आपलाच. पण हा हल्ला असाच असतो अप्पा. जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना लागतो."

"मग कशाला करतोस?"

"जोर जास्त आहे ना त्याचा," रवी म्हणाला आणि पुढची चाल निवडू लागला. अप्पांनी चिवडा खाल्ला. कॉफीचा वास येत होता, गॅलरीतून उन्हाने भाजलेल्या कुंडीतल्या मातीचा वास येत होता, आणि मी जिना उतरून माझ्या उत्तरपत्रिकांकडे गेले.

त्याच वर्षी अप्पांचे गुडघे गेले. डॉक्टरने जिना बंद केला. झालं. अमावास्या झाली, प्रतिपदा उजाडली, आणि अप्पा माझ्याकडेच राहिले. मग पौर्णिमा, मग पुन्हा अमावास्या. मी काही केलं नव्हतं. गुडघ्यांनी केलं होतं. पण रवीच्या मनात भरलं की अक्काने माझे पक्ष गिळले. त्याने तिकडे हूटगळ्ळीला नवीन घर घेतलं, खाली बेडरूम, खाली न्हाणीघर, बाथरूममध्ये धरायला दांडा. म्हणाला, आता मी अप्पांना कायमचं नेतो, तुझं आजवरचं सगळं फिटलं असं समज. फिटलं म्हणे. सामान हलवायची तयारी सुरू झाली तशी मीही हट्टाला पेटले. अप्पांची सकाळची देवळाची वाट इथली, त्यांच्या ओळखीची माणसं इथली, हूटगळ्ळीला कारखान्यांचे भोंगे ऐकत बसायचं का त्यांनी? हे सगळं मी कन्नडात म्हणाले, म्हणजे किती जोरात ते समजून घ्या.

अप्पांना कुणी विचारलं नाही. हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाही. त्या घरात कुणीच कुणाला विचारत नसे, अप्पांनीही पक्ष वाटताना आम्हाला विचारलं नव्हतं.

खेळाच्या आवाजावरून मात्र तह झाला होता, शोभाने घडवून आणलेला. परीक्षा संपेपर्यंत दिवेलागणीच्या आत वर ठोकळा वाजणार नाही. माझ्या मुली उजळणीला घरी यायच्या, म्हणून. रवीने आठवडाभर पाळला. मला वाटलंच होतं, फार टिकायचा नाही.

त्या दुपारी मुली येऊन गेल्या होत्या. फळ्यावर माझ्या हातची पृथ्वी तशीच होती. हवा अशी जड की कागद मनगटाला चिकटत होता. कुणाच्या तरी घरी फणस कापला होता, त्याचा वास गल्लीभर. अप्पा मागच्या खोलीत पडले होते. आणि पेले वाजले. आधी बारीक, किणकिण. मग जरा थांबून पंचांग भिंतीवर डावीउजवीकडे हललं, दिवा हलला, माझ्या खुर्चीला कुणी तरी आडवं ढकलल्यासारखं झालं.

आधी किणकिण, मग आडवा धक्का. प्राथमिक लहरी वेगाने येतात, त्या आधी पोचतात. दुय्यम मागून येतात आणि आडव्या हलवतात. हे मी त्याच दुपारी, त्याच खोलीत, मुलींकडून तोंडपाठ म्हणवून घेतलं होतं. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? रवीने तह मोडला.

जळमटं काढायची लांब काठी दाराआडच असते. ती घेतली आणि छतावर हाणली. दणादण हाणली. वर रवी कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, ठोकळा बंद होता, हे मला नंतर कळलं. त्याला टेबल हललेलं जाणवलं, पाठोपाठ जमिनीखालून काठीचे ठोके, आणि त्यालाही पहिला विचार जो यायचा तोच आला: अक्का पिसाळली. त्याने पाय आपटला. मी पुन्हा हाणली. त्याने पुन्हा आपटला. बाहेर माणसं 'होरगे बन्नी, होरगे बन्नी' म्हणून एकमेकांना बाहेर बोलावत होती. मला वाटलं पाण्याचा टँकर आला. आत कुठेतरी लाकडावर काठी आपटल्यासारखा आवाज येत होता. तोही मी रवीच्याच खात्यावर टाकला.

नंतर रवीने गल्लीभर करून टाकलं, आमची अक्का भूगोलाची लेक्चरर, पण भूकंपाचं केंद्र छतात शोधते. शोधलं असेल. दर संध्याकाळी ज्याच्या घरी भूकंप छतातूनच येतो त्याने आणखी कुठे शोधायचा?

मग तो खाली आला. जिन्याच्या खालच्या पायरीवर तो, समोर भिंतीला टेकून मी. जमीन केव्हाच थांबली होती, एखादं वाक्य वाचून होईल एवढाच वेळ ती हलली असेल. आम्ही थांबलो नाही. कन्नड ओसंडून वाहत होतं. ठोकळ्यापासून सुरुवात झाली, तिथून गुडघे, तिथून पक्ष, तिथून आईच्या आजारात कोण किती रात्री जागलं इथपर्यंत. तू अप्पांना बांधून ठेवलंस. तू अप्पांना पळवतोयस. माझ्या डोळ्यांसमोर रवीचं थरथरणारं नाक तेवढं होतं. मध्ये कुणीतरी 'जरा सरक' म्हणालं, मी सरकले, रवीने पाय वर घेतला, आणि आम्ही पुढे चालू.

"सुमा टीचर," बाहेरून हाक आली. समोरच्या जयम्मांची. "निम्मप्प इल्लिद्दारे."

तुमचे वडील इथे आहेत.

आम्ही दारात आलो. अख्खी गल्ली रस्त्यावर उभी होती. बायका ओल्या हातांनी, कुणाच्या अंगावर टॉवेल, कुणाच्या कडेवर झोपेतून उचललेलं मूल, एकीच्या हातात गॅसवरून उतरवलेलं पातेलं. वर ती निर्लज्ज गुलाबी फुलं. आणि झाडाखाली, जयम्मांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, अंगात बनियन, खाली पंचा नेसलेले अप्पा. अनवाणी. काठी मांडीवर आडवी. त्यांच्या टकलावर एक फूल पडलं होतं, ते त्यांना कळलं नव्हतं.

भूकंप झाला, असं पहिल्यांदा मला तिथे कळलं.

"अप्पा, तुम्ही बाहेर कसे आलात?" मी विचारलं.

"तुम्हाला हाका मारल्या," ते म्हणाले. "काठीने पलंग ठोकला. मग ह्या बाई आल्या हात द्यायला." आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मधूनच आलो की सुमे. मी म्हटलं जरा सरक, तू सरकलीस."

जयम्मांनी दुसरीकडे पाहिलं. त्याही अप्पांच्या हाताला धरून आमच्या मधून गेल्या होत्या, आणि त्या काही लहान बाई नाहीत.

रवी म्हणतो, त्याला दिसले नाहीत. मला तरी कुठे दिसले? पण मी खाली होते, तो पायरीवर होता. पायरीवरून जास्त दिसतं. हे मी अजूनही म्हणते आणि म्हणतच राहणार.

अप्पा पुन्हा घरात यायला तयार झाले नाहीत. रवी म्हणाला, चला, गाडी काढतो, हूटगळ्ळीला जाऊ. मी म्हटलं, काही नको, आत चला, कॉफी करते. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "साकु. पुरे झालं. मला हिनकलला सोडा. सुशीकडे." सुशी म्हणजे सुशीला आत्या, त्यांची धाकटी बहीण, हिनकलला एकटी राहते, कानाने कमी ऐकते. आणि वर म्हणाले, दोघांनी मिळून सोडायचं. मग रिक्षा. मध्ये अप्पा, एका बाजूला मी, एका बाजूला रवी, मांडीवर त्यांच्या कपड्यांची पिशवी. हुणसूर रस्त्याला प्रत्येक गतिरोधकाला आम्ही तिघं एकदम उडत होतो आणि एकदम बसत होतो, आणि तोंडं मात्र तीन दिशांना. आमराईजवळून जाताना मोहोराचा वास आला. अप्पा म्हणाले, यंदा आंबा बरा येईल. आम्ही दोघांनी एकाच वेळी हं म्हटलं आणि दोघांनाही त्याचा राग आला.

तेव्हापासून ते हिनकललाच आहेत. रवी त्याच महिन्यात हूटगळ्ळीला गेला. वरच्या मजल्यावर आता एक नवराबायको भाड्याने राहतात, पावलांचा आवाजही नाही. इतकी शांतता झाली आहे की पेले उगाच पुसावेसे वाटतात. जेवताना मी अजून पंचांगाकडे बघते. कृष्ण पक्ष लागला की दोन ताटं काढली जातात, एक परत ठेवते. मला अप्पा घरी हवे आहेत. बाकी सगळं तुम्ही काहीही समजा, एवढी एक गोष्ट आहे.

आणि यंदा पुन्हा ती फुलं आली. परवा दुपारी पेपर तपासताना मोबाइलवर एक फॉरवर्ड आला, आज संध्याकाळी म्हैसूर परिसरात भूकंप येणार, सावध राहा, सर्वांना पाठवा. असला मूर्खपणा वाचून हसावं की रडावं. भूकंप सांगून येत नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता, हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. मी पाठवणाऱ्या बाईंना तसं खरमरीत उत्तर लिहिलं, पेन खाली ठेवलं, साडी बदलली आणि हिनकलची बस पकडली.

आत्याच्या दारात रवीची स्कूटर. ह्यालाही फॉरवर्ड आलेला. चांगला इंजिनीअर माणूस, म्हणे सहज आलो होतो. अप्पा भिंतीपाशी खुर्चीत पेपर वाचत होते. दाराच्या एका अंगाला स्टुलावर तो बसला, दुसऱ्या अंगाला मी. आत्याने भडंग दिलं. आम्ही आत्याकरवी बोलत होतो.

"आत्या, त्याला विचार, स्कूटर सावलीतच लावायला हवी होती का? बायकांना यायला वाट नाही."

"आत्या, तिला सांग, सावली कुणाच्या नावावर नसते."

आत्याला दोन्ही ऐकू आलं नाही. मी अप्पांना म्हटलं, बरेच दिवस झाले, आता घरी चला. रवी आत्याला म्हणाला, कुणाच्या घरी ते विचार. माझ्याकडे खाली खोली आहे, दांडा आहे. मी म्हटलं, दांड्याशी बोलत बसतील का ते? कन्नड सुरू झालं, अजूनही आत्याला उद्देशूनच. मला जाणवत होतं, आवाज चढतोय, आत पातेल्यावरचं झाकण हलतंय की काय असं वाटण्याइतका. थांबता येत नव्हतं.

अप्पांनी पेपरची घडी घातली. काठी घेतली, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि दाराकडे, आमच्या दिशेने चालत आले. अगदी जवळ येऊन म्हणाले, "जरा सरका."

माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. रवीचंही राहिलं. मी सरकले नाही. त्यानेही पाय वर घेतला नाही. मी उठले आणि अप्पांचा डावा हात दंडाला धरला, तोवर रवीने काठीसकट उजवा धरला होता. त्या हातांवर आता काही मांस राहिलेलं नाही.

"कुठे जायचंय अप्पा?" मी विचारलं.

"अंगणात. ऊन उतरलंय."

आत्याच्या घराचं दार जुन्या मापाचं, अरुंद. तिघं एकदम जात नाहीत. आम्ही तिथे अडकलो.

"तू सोड," रवी म्हणाला.

"तू सोड," मी म्हणाले.

त्या दुपारनंतर आम्ही एकमेकांशी सरळ बोललो ते एवढंच, आणि तेही मराठीत. अप्पा मध्ये उभे होते, कुणाचाच हात झटकत नव्हते. बाहेर ऊन कलत होतं. कुणीच सोडलं नाही. आणि आधी मी धरला होता.